मामांचं पिंप आणि धाकटीची तार

मामा पडले ते थेट साखरपाण्याच्या घमेल्यात. तेही अकरा माणसांसमोर आणि स्वतःच्या सासऱ्यांच्या अंगणात.

त्या दिवशी सासऱ्यांच्या मधमाश्यांच्या पेट्यांभोवती झटका तार ओढली होती. उन्हावर चालणारं एवढंसं यंत्र, त्यातून निघालेल्या चार पदरी तारा, आणि सारखा टक्, टक् असा आवाज. भिंतीवरच्या घड्याळाला उचकी लागावी तसा. मधाच्या वासानं आलेल्या अस्वलानं तारेला नाक लावलं की त्याला सणसणीत चटका बसणार, जीव जाणार नाही, पण पुन्हा त्या वाटेला फिरकायची इच्छाही राहणार नाही, असा सगळा बेत. मामा सलूनमधून गिऱ्हाइकाची अर्धी दाढी तशीच सोडून तो बघायला आले होते. खांद्यावर ओला टॉवेल होता. जमलेल्या मंडळींना ते सांगत होते, की अस्वल म्हणजे काय चिमणी नव्हे. असल्या सुतळीला ते भीक घालत नसतं.

"वीस वर्षं अस्वलं हाकलली आहेत मी," मामा म्हणाले आणि तारेकडे पाठ करून त्यांनी वीस वर्षांच्या रुंदीचा हात फिरवला. टॉवेल घसरला. त्याचं एक टोक तारेवर आणि दुसरं मामांच्या मानेवर पडलं. पुढचं कुणाला नीट दिसलं नाही, कारण मामा फार वेगात होते. दिसले तेव्हा ते माश्यांसाठी भरून ठेवलेल्या घमेल्यात बसलेले होते आणि सासऱ्यांच्या मधमाश्या त्यांची आपुलकीनं चौकशी करत होत्या.

"भाऊजी," तार ओढणारी बाई पक्कड पुसता पुसता म्हणाली, "टॉवेल वाळत घालायला पलीकडं दोरी आहे."

ही बाई म्हणजे मामांची मेव्हणी, धाकटी. घरात ती दोन बहिणींतली धाकटी. घरातली हाक शेजारी गेली, शेजारून गावात गेली, आणि चाळिशी उलटली तरी ती सगळ्यांची धाकटीच राहिली. मामांच्या बायकोला त्याच हिशेबानं सगळे थोरली म्हणत. अकरा माणसं त्या दिवशी पोट धरून हसली. थोरलीही हसली, आणि मामांना साखरपाण्यापेक्षा ते जास्त चिकटलं. मामांच्या पोटात दुखायला लागलं ते त्या दिवसापासून.

तसं बघितलं तर मामांचं काय वाईट चाललं होतं? बाजाराच्या रस्त्यावर त्यांचं एका खुर्चीचं सलून. खुर्ची फिरती, पण डावीकडेच फिरणारी. समोर पारा उडालेला आरसा, त्यात गिऱ्हाइकाला आपला एकच कान दिसायचा. आणि दाराबाहेर आकड्याला टांगलेलं पत्र्याचं पिंप. हे पिंप म्हणजे मामांची कीर्ती. गावाच्या तीन बाजूंना नासपती आणि सफरचंदाच्या बागा, चौथ्या बाजूला ओढा, आणि ओढ्यापलीकडे जंगल. फळ पिकलं की अस्वलं उतरायची. मग कुणीतरी धावत सलूनमध्ये यायचं, मामा वस्तरा खाली ठेवायचे, पिंप आणि लाकडी दांडकं उचलायचे आणि बागेत जाऊन असा दणदणाट करायचे की अस्वल पळायचं, आणि जाता जाता दोन कुंपणं आणि एखादं कोंबड्यांचं खुराडं मोडून जायचं. एकदा एका गड्याला त्यानं वाटेत आडवंही केलं. त्या गड्याचा पाय अजून पावसाळी हवेत दुखतो. पण अस्वल पळालं हे खरं. टाळ्या मामांना पडायच्या.

त्यानंतर वर्षभर तीच गोष्ट सलूनमध्ये. गालाला साबण फासलेला, गळ्यावर वस्तरा, गिऱ्हाईक जातंय कुठं? दर वर्षी गोष्टीतलं अस्वल वीतभर उंच व्हायचं. सलूनच्या दारावर तीन ओरखडे होते. "हा पंजा," मामा म्हणायचे, आणि नवीन गिऱ्हाईक श्वास रोखायचं. थोरली तिथं असली तर मात्र मामा तो भाग गाळायचे, कारण ते ओरखडे कपाट हलवताना तिच्याच हातून पडले होते.

आणि फळसंघाच्या कचेरीत मामांचा फोटो होता. हातात पिंप, छाती पुढं. भिंतीवर दुसरं काहीच नव्हतं. कचेरीत गेलेल्या कुणालाच मामांची नजर चुकवता येत नसे.

धाकटीनं हे सगळं आवाज न करता मोडीत काढलं.

ती आधी फळसंघाच्या शेडमध्ये फळं निवडायला होती. नवरा ट्रकवर, महिन्यातले वीस दिवस बाहेर. एका वर्षी अस्वलानं म्हाताऱ्या वडिलांच्या सात पेट्या फोडल्या आणि म्हातारा तीन दिवस पेट्यांच्या तुकड्यांशेजारी बसून राहिला. चौथ्या दिवशी धाकटी शहरात गेली आणि झटका यंत्राचं काम शिकूनच परत आली. आधी वडिलांच्या पेट्या, मग शेजारची बाग, मग फळसंघानं तिला सगळ्या बागांचं काम दिलं. गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट, सायकल, हँडलला अडकवलेली पिशवी. पिशवीत पक्कड, खांबाला तार अडकवायचे चिनी मातीचे गट्टू आणि विळा. तार जिवंत आहे की नाही हे ती गवताची लांब काडी तारेला टेकवून बघायची. काडीतून बारीक झिणझिणी आली की पुढच्या खांबाकडे. तारेखाली गवत वाढलं की वीज जमिनीत उतरते, म्हणून ती वाकून वाकून गवत कापायची. बघायला काही मजाच नाही. एखाद्या बाईनं आयुष्यभर गवत कापलं, यावर गोष्ट काय सांगणार?

पण तिचं खरं काम तारेचं नव्हतंच. तिचं खरं काम लोकांच्या मागं लागण्याचं.

"पडलेलं फळ संध्याकाळच्या आत उचलायचं," ती सांगायची. "कचऱ्याच्या डब्याला कडी लावायची. मेलेली कोंबडी ओढ्यात टाकायची नाही, पुरायची. अस्वलाला आमंत्रण द्यायचं आणि आलं म्हणून बोंबलायचं, असं चालणार नाही."

"अगं, चार फळं राहिली तर काय होतंय?" कुणी म्हणालंच, तर ती सायकल लावून तिथंच उभी राहायची. बोलायची नाही, नुसती उभी. चार फळं उचलली जाईपर्यंत. पुढं पुढं तर नुसती तिच्या सायकलची घंटी ऐकू आली, की धडधाकट बाप्ये परसात धावत सुटायचे आणि झाडाखाली वाकायचे. जणू शाळेत साहेब तपासणीला आलेत.

दोन वर्षं झाली. गावात एकही अस्वल आलं नाही. कुणाचं खुराडं मोडलं नाही, कुणाचा पाय मोडला नाही. पिंपाला गंज चढला. आकड्याजवळ एका कोळ्यानं जाळं विणलं, आणि मामा ते रोज झाडायचे तरी तो रोज विणायचा.

"मामा, तुमच्या काळी फार अस्वलं यायची, नाही?" एका गिऱ्हाइकानं साबणाच्या आतून विचारलं.

'तुमच्या काळी'! मामांचा वस्तरा कानाशी थबकला. अजून आपला काळ चालू आहे अशी त्यांची समजूत होती.

घरीही तेच. ताट वाढता वाढता थोरलीचं सुरू व्हायचं. "धाकटीनं आज वरच्या बागेतली पूर्ण तार बदलली. धाकटीला आज चेअरमननी गाडीतून सोडलं. धाकटी म्हणाली…"

"धाकटी जेवते का मधून मधून, की तेही तारेवरच?"

"अहो, तुम्हाला कौतुकच नाही कुणाचं."

"आहे ना. गवताचं. बिचारं निमूट कापलं जातं."

मामा रस्त्यानं चालताना मोजायला लागले होते: धाकटीला किती जणांनी हाक मारली, आपल्याला किती जणांनी. ती सायकलवर असल्यानं तिला जास्त माणसं भेटतात, असं त्यांनी मनाला समजावलं. मग एक आठवडा सायकलवरून हिंडून बघितलं. फरक पडला नाही, गुडघे मात्र धरले.

आणि मग एके दिवशी चेअरमन दाढीला आले. चेअरमन म्हणजे फळसंघाचे. मऊ गालांचे, मऊ बोलण्याचे. गालाला साबण लागेपर्यंत ते हवापाण्यावर बोलले. मग डोळे मिटून म्हणाले, "मामा, येत्या रविवारी वार्षिक सभा. धाकटीचा सत्कार करायचा ठरलंय. फोटो लावणार कचेरीत."

"लावा की." मामांनी ब्रश जरा जोरात फिरवला.

"तेच म्हणतो. तुमचा तेवढा… म्हणजे घरी छान दिसेल. फ्रेम चांगली आहे."

"माझा काढणार?"

"खिळा एकच आहे हो."

"दुसरा ठोका!"

"गेल्या साली कॅलेंडरसाठी ठोकला होता. पोपडा निघाला तो निघाला, पलीकडच्या खोलीतला कारकून दिसायला लागला. ती भिंत एकच खिळा सहन करते, मामा."

त्या दिवशी चेअरमनच्या हनुवटीवर दोन ठिकाणी तुरटी लावावी लागली. वीस वर्षांत हे पहिल्यांदाच घडलं.

त्यानंतर मामांनी जे केलं, ते त्यांच्यासारख्या भल्या माणसानं का केलं याचं उत्तर त्या एका खिळ्यात आहे. मामांच्या परसात नासपतीचं जुनं झाड होतं. परस ओढ्याला लागून. तिथं तार नव्हती, फळ उचलायचं एवढाच बंदोबस्त. परसाच्या दुसऱ्या अंगाला, कमरेएवढ्या भिंतीपलीकडे, फळसंघाचं पटांगण, जिथं रविवारी सभा भरणार. मामांनी फळं उचलणं बंद केलं. एवढंच नव्हे, शेजाऱ्यांच्या टोपल्यांतली सडकी नासपतीही ते मागून आणायला लागले. आणायची कशात? टोपली कुणाच्या डोळ्यावर आली असती. म्हणून पिंपात.

सगळं त्यांच्या मनात आखलेलं होतं. रविवारी अस्वल परसात डोकावेल. पटांगणात गडबड उडेल. कुणीतरी ओरडेल, "मामा!" आपण सावकाश उठायचं. घाई करायची नाही. चार दणके, अस्वल ओढ्यापार, फोटो खिळ्यावर. यात कुणाला काही होईल हे त्यांच्या मनात आलंच नाही असं नाही. आलं, पण त्यांनी त्याला बाहेरच्या बाकावर बसवून ठेवलं.

"अहो, हा काय उकिरडा मांडलाय?" थोरलीनं विचारलं.

"खत करतोय."

"कशाला?"

"झाडाला."

"झाड फळ देतंय, ते सडवून पुन्हा झाडालाच?"

"निसर्ग असाच असतो," मामा म्हणाले आणि सलूनला निघून गेले.

धाकटी बुधवारी आली. बघितलं. "भाऊजी, उचला."

"उद्या."

गुरुवारी आली. "उचला."

"अगं, कंबर धरलीय."

शुक्रवारी ती खाली बसली आणि दोन टोपल्या भरून घेऊन गेली. मामांना क्षणभर वाटलं, जाऊन तिच्या हातातली एक टोपली घ्यावी. पण रस्त्यात तिला तिघांनी हाक मारलेली ऐकू आली आणि ते वाटणं तिथंच विरलं. संध्याकाळी पुन्हा पिंपभर नासपती झाडाखाली पडली.

अस्वल मात्र येईना. मामांना त्याचाही राग आला. वीस वर्षांची ओळख, आणि तेही जाऊन धाकटीच्या पक्षाला मिळालं! शनिवारी सकाळी अखेर ओढ्याच्या बाजूला चिखलात पंजा उमटलेला दिसला आणि अर्धवट चावलेली फळं. परगावच्या मुलाचं पत्र आल्यावर बापाला व्हावा तसा मामांना आनंद झाला. त्यांनी पिंप पुसून घेतलं. पुसलं म्हणजे बाहेरून.

रविवारी चार वाजता सभा भरली. पटांगणात खुर्च्या, टेबलावर कापड, टेबलावर धाकटीचा फोटो. फोटोतही तिच्या हातात विळा होता. मामा भिंतीलगतच्या खुर्चीवर, पिंप खुर्चीखाली. चेअरमन म्हणत होते, "गेल्या दोन वर्षांत आपल्या गावात काहीही घडलं नाही," आणि लोक टाळ्या वाजवत होते. काहीही न घडल्याबद्दल टाळ्या! मामांनी हात मांडीखाली दाबून धरले.

आणि अस्वल आलं.

मामांनी ते सगळ्यांच्या आधी पाहिलं, कारण ते दुसरीकडे कुठं बघतच नव्हते. ओढ्यातून वर चढलं, अंग झाडलं आणि नासपतीला लागलं. ठरल्याप्रमाणे. एकच गोष्ट ठरली नव्हती. परसातल्या दोरीशी थोरली उभी होती. पाऊस येईलसं वाटून ती सभेतून उठून वाळलेले कपडे काढायला गेली होती. हातात चादर, तोंडात दोन चिमटे. अस्वलाकडे पाठ.

सावकाश उठायचं वगैरे सगळं विसरून, पिंप कवटाळून मामा भिंतीवरून परसात उडी मारून पडले आणि जीव खाऊन दणदण दणके हाणायला लागले.

अस्वलानं मान वर केली. कान टवकारले. आणि पळून जायच्या ऐवजी ते मामांकडे यायला लागलं. रागानं नव्हे. जेवणाची हाक ऐकून ओसरीवरचा माणूस उठावा, तसं.

मामांनी आणखी जोरात वाजवलं. अस्वलानं पाऊल उचललं. मामा झाडाला वळसा घालून मागं सरले. अस्वलानंही वळसा घातला. मामा वाजवतायत, अस्वल येतंय; दोन फेऱ्या झाल्या. पटांगणात खुर्च्या पडल्या, आरडाओरडा उठला.

"कुणी ओरडू नका!" धाकटीचा आवाज. ती भिंतीवर चढून उभी होती. "ओढ्याकडं कुणी जायचं नाही, त्याची वाट मोकळी सोडा. ताई, मागं बघू नकोस. दार तुझ्या उजव्या हाताला आहे. आत जा, कडी लाव." थोरली चादरीसकट आत गेली. "भाऊजी, वाजवणं थांबवा."

"ते येतंय गं!"

"वाजवताय म्हणून येतंय. पिंप खाली ठेवा. ठेवा म्हणते ना! आता त्याच्याकडं तोंड ठेवून मागं मागं या. पळायचं नाही."

मामांनी पिंप खाली ठेवलं. आयुष्यातली सगळ्यात लांब पंधरा पावलं ते उलटे चालले. भिंत पाठीला लागली तेव्हा धाकटीनं त्यांची कॉलर धरून त्यांना अलीकडे ओढून घेतलं. अस्वलानं पिंपात तोंड घातलं. आत चार दिवसांच्या नासपतीचा चिकटा होता. त्यानं तो निवांत चाटला, पिंप पंजानं आडवं करून तळही बघितला, आणि मग आल्या वाटेनं ओढ्यात उतरून गेलं.

मग जो गलका झाला! "मामांनी अस्वल अंगावर घेतलं!" "बायकोपासून लांब नेलं हो, झाडाभोवती फिरवून फिरवून!" "पिंप देऊन टाकलं त्याला, काय डोकं चाललं!" चेअरमननी मामांना मिठी मारली आणि तिथल्या तिथं जाहीर केलं, की मामांचा फोटो आहे तिथंच राहील. टाळ्या अशा पडल्या की अस्वल परत येतंय की काय असं वाटावं. धाकटीचा फोटो कुणीतरी उचलून कचेरीतल्या कपाटामागं ठेवला, भिंतीकडे तोंड करून. धाकटी पडलेल्या खुर्च्या उचलत होती.

त्या दिवशी ताटावर थोरली कितीतरी वेळ मामांकडे नुसती बघत बसली, लग्नानंतर तिनं पुन्हा कधी बघितलं नव्हतं तशी. मामा ताटाकडेच बघत जेवले.

सोमवारी सकाळी सलून उघडण्याआधी ते कचेरीत गेले. हात खिळ्यापर्यंत गेला, फ्रेमला लागला, आणि तसाच परत आला. फोटोतले मामा छाती काढून त्यांच्याकडे बघत राहिले. तिथून ते निघाले ते सासऱ्यांच्या अंगणात. धाकटी तारेखालचं गवत कापत होती. मामा तारेपासून चांगले चार हात लांब उभे राहिले. आज खांद्यावर टॉवेल नव्हता.

"ती नासपती मी मुद्दाम टाकली होती," ते म्हणाले.

"माहीत आहे."

"थोरलीला सांगितलंस?"

"नाही."

विळ्याचा खसखस आवाज. टक्, टक्.

"ते पळालं कसं नाही गं? वीस वर्षं पळत आलंय."

धाकटीनं पाठ सरळ केली. "वीस वर्षं तुम्ही पिंप वाजवलंत कुठं? जिथं फळ पिकलं होतं तिथंच ना? पहिल्यांदा घाबरलं असेल. मग शिकलं. पिंप वाजलं म्हणजे पाड लागला. जरा लांब जायचं, माणसं पांगली की यायचं. तुम्ही एकदा वाजवलंत की तीन दिवसांत त्याच बागेत पुन्हा यायचं, आठवतंय?"

मामांना आठवलं. प्रत्येक वेळचं आठवलं. त्या दुसऱ्या खेपांचे दणकेही त्यांनी गोष्टीत वेगळा पराक्रम म्हणून मोजले होते.

"तुला कधीपासून ठाऊक?"

"पहिल्या वर्षापासून."

"मग चारचौघांत बोलली का नाहीस? खिळा तुला मिळाला असता."

"ताईला वाईट वाटलं असतं."

तिनं गवताची एक लांब काडी तोडली, तारेला टेकवली, मान हलवली आणि पुढच्या खांबाकडे गेली. मामा तारेच्या अलीकडून तिच्याबरोबर चालत राहिले. इतकं सगळं झाल्यावरही त्यांच्या पोटात ते जुनं दुखणं होतंच. उलट वाढलं होतं. आता त्यांना तिच्या कौतुकाचा नव्हे, तिला त्या कौतुकाचं काही वाटत नाही याचा हेवा वाटत होता. निदान तिलाही थोडं दुखत असतं, तर बरं वाटलं असतं.

"एक विचारू? खरं सांगशील?"

"विचारा."

"काल माझ्यासाठी टाळ्या वाजल्या, तुझा फोटो कपाटामागं गेला. तेव्हा तुला माझा हेवा वाटला का गं? एवढासा तरी?"

धाकटीनं विळा तारेखालून काढला, बुटाला पुसला आणि मामांकडे बघितलं.

"आधी झाडाखालची नासपती उचला, मग सांगते."